डोळ्याच्या पडद्याची अँजिओ, विश्रामबाग, सांगली: डाय अर्धा, फोटो झकास

आण्णांची शुगर जुनी, पडद्याला सूज आली म्हणून डोळ्याची अँजिओ सांगितली होती, म्हणजे हाताच्या शिरेत डाय (चमकणारा रंग) सोडून पडद्यातल्या शिरांचे फोटो काढतात ती तपासणी. आधी दुसऱ्या एका ठिकाणी केली, तिथं सुई शिरेबाहेर गेली आणि डाय हातातच पसरला, आण्णा अक्षरशः कळवळले, तीन दिवस हात सुजलेला आणि फोटो इतके अंधुक की डॉक्टरांना काही सांगताच येईना. वर तिथला माणूस म्हणतो पुढच्या वेळी डाय जास्त घालू. मला ते अजिबात पटलं नाही.

म्हणून या सेंटरला आलो. इथं आधी क्रिएटिनिनचा रिपोर्ट बघितला, कारण फ्लुरोसिन डाय बराचसा किडनीतून लघवीवाटे जातो. ॲलर्जी, दमा, मागच्या वेळचा त्रास, सगळं विचारलं. टेक्निशियन ताईंनी बाटली हातात धरून समजावलं की मोठ्या माणसाला साधारण ५०० मिलिग्रॅम देतात, म्हणजे १० टक्केवाला असला तर ५ मिली, २० टक्केवाला असला तर अडीचच, त्यामुळं नुसतं मिली विचारून उपयोग नाही, किती टक्क्याचा तेही विचारायचं. इथं लेझर कॅमेरा आहे, त्याला कमी डाय चालतो, म्हणून डॉक्टरांनी आण्णांना निम्माच दिला.

आणि फोटो काय सुंदर आलेत! पण त्यामागं त्यांची मेहनत आहे हो. बाहुली पूर्ण मोठी होईपर्यंत बसवून ठेवलं, सलाईन सोडून शीर तपासली, मग डाय एका दमात दिला, दहा-पंधरा सेकंदात तो डोळ्यात पोचला आणि निळ्या प्रकाशात बारीक बारीक शिरा चमकायला लागल्या, गळती कुठं आहे तेही दिसलं. डाव्या डोळ्याचे फोटो मात्र धुरकटच, तिथं मोतीबिंदू आहे. डॉक्टर सरळ म्हणाले, डाय वाढवला तरी हे सुधारणार नाही, आधी मोतीबिंदू काढू. असं खरं बोलणारं माणूस भेटलं की जीवाला बरं वाटतं.

मधे मिनिटभर मळमळलं, ताई हात धरूनच उभ्या होत्या, इमर्जन्सीचा ट्रे शेजारी होता. अंग पिवळसर आणि लघवी पिवळीजर्द होणार हे आधीच सांगितलेलं, त्यामुळं घरी आई घाबरली नाही. संध्याकाळपर्यंत नीट दिसत नाही, पेशंटला गाडी चालवू देऊ नका.

तक्रार एकच, प्रिंट चारच फोटोंची देतात. पेनड्राइव्ह न्या आणि सगळे फोटो मागून घ्या, पुढच्या तपासणीला जुने शेजारी ठेवूनच डॉक्टर बघतात.