मुठीवरच्या टवक्यावर विश्वास ठेवला आणि फसलो

आमच्या खानापूर तालुक्यात गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी वितळवून शुद्ध करण्याच्या, धंद्यासाठी परराज्यात गेलेला माणूस नाही असं घर शोधावं लागेल. माझे वडील तीस वर्षं तमिळनाडूत भट्टीपुढे बसले. मी गावाकडे परतून छोटं सराफी दुकान टाकलं. रात्री दुकान बंद केलं की माल पिशवीत घालून मोटारसायकलने घरी न्यायचा. वाटेत अडीच किलोमीटर दोन्ही बाजूंना ऊस. २०२२ च्या दिवाळीत त्या रस्त्यावर दोघांनी गाडी आडवी घातली. मागून ट्रॅक्टर आला आणि ते पळाले, म्हणून मी आज हे लिहितोय. पुढच्याच महिन्यात शस्त्र परवान्यासाठी अर्ज केला.

परवाना सरळ मार्गाने मिळवला. पोलीस पडताळणी, डॉक्टरांचं प्रमाणपत्र, गोळीबाराच्या रेंजवरचं प्रशिक्षण, घरात शस्त्र कुलूपबंद ठेवण्याची हमी, सगळं केलं. जानेवारी २०२४ मध्ये जिल्हादंडाधिकाऱ्यांच्या कार्यालयातून परवाना हातात आला. इथपर्यंत कुणाला एक रुपया जास्तीचा दिला नाही, याचा मला अभिमान होता. पुढे जे झालं ते शस्त्र विकत घेताना झालं, आणि तिथे मी कच्चा होतो.

मला हवं होतं .३२ बोअरचं, म्हणजे नळीच्या भोकाच्या त्या मापाचं, लहान रिव्हॉल्व्हर. आपल्याकडे सामान्य माणसाला परवान्यावर मिळतं ते बहुधा हेच, कारण .३८ आणि ९ मिलिमीटर हे बोअर प्रतिबंधित आहेत. कानपूरच्या सरकारी कारखान्याचं नेहमीचं .३२ रिव्हॉल्व्हर साधारण ७०० ग्रॅम भरतं, नळी तीन इंचांची. त्याच कानपूरहून २०१४ साली 'निर्भीक' आलं, टायटॅनियमच्या मिश्रधातूचं, ५०० ग्रॅमचं. तेव्हाच त्याची किंमत १,२२,३६० रुपये होती. माझ्या मुलीचं इंजिनिअरिंगचं पहिलं वर्ष होतं, फी भरायची होती. नव्या शस्त्राला लाखाच्या वर घालवायला मन होईना. जुनं पण चांगलं मिळालं तर बघू, असं मी दोन-चार ठिकाणी बोललो. ते बोलणं फिरत फिरत एका मध्यस्थापर्यंत पोचलं.

फेब्रुवारीत त्याने मला कराड रस्त्यावरच्या एका ढाब्यावर बोलावलं. गाडीत बसल्यावर डॅशबोर्डच्या कप्प्यातून हळदीसारख्या पिवळ्या फडक्यात गुंडाळलेलं रिव्हॉल्व्हर काढलं. "शेठ, मालक म्हातारा झालाय, अंथरुणाला खिळलाय. पोरांना ह्यात रस नाही. कारखान्यातनं निघाल्यापासनं पन्नास गोळ्यासुद्धा उडल्या नसतील ह्यातनं."

खरं म्हणजे मी त्याच क्षणी गाडीतून उतरायला हवं होतं. दुसऱ्याच्या परवान्यावरचं शस्त्र असं कुणाच्या डॅशबोर्डमध्ये फिरू शकत नाही. मालकाच्या ताब्यात नसेल तर ते परवानाधारक विक्रेत्याच्या दुकानात किंवा पोलीस ठाण्यात जमा असायला हवं. हे मला प्रशिक्षणात शिकवलेलं होतं. पण समोरची वस्तू इतकी सुरेख होती की शिकवलेलं सगळं मागे पडलं. खिटी दाबून रिव्हॉल्व्हर उघडलं तर नळी लोण्यासारखी खाली झुकली. नळीत बॅटरी मारली तर गोळीला फिरकी देणारे आतले आटे आरशासारखे चमकत होते. चक्री, म्हणजे सहा काडतुसं बसतात तो गोल भाग, जराही हलत नव्हती.

मग त्याने स्वतःहून एक खोट दाखवली. लाकडी मुठीच्या डाव्या बाजूला, अगदी तळाशी, तांदळाच्या दाण्याएवढा टवका उडालेला होता. "हे बघून घ्या. नंतर म्हणाल सांगितलं नाही." त्या एका वाक्याने मी जिंकला गेलो. जो माणूस स्वतः खोट दाखवतो तो खोटं कशाला बोलेल, असं वाटलं. टवका मी अंगठ्याने चाचपून पाहिला. चौकटीवरचा नंबर मात्र लिहून घेतला नाही, फोटोही काढला नाही.

सौदा ८५ हजारांना ठरला. ४० हजार बँकेतून परवानाधारक शस्त्रविक्रेत्याच्या खात्यावर, ४५ हजार मध्यस्थाला रोख, पावती ४० चीच. १६ मार्चला लोकसभेची आचारसंहिता लागली. मध्यस्थाचा फोन आला, "आता जूनपर्यंत सगळ्यांची शस्त्रं जमा होणार, कागद हलणार नाहीत. दुसरं गिऱ्हाईक मागं लागलंय, रोख रक्कम देऊन ठेवा म्हणजे मी त्याला नाही म्हणतो." आचारसंहितेत शस्त्रं जमा होतात हे खरंच होतं. त्यामुळे बाकीचंही खरं वाटलं. ४५ हजार मी त्याच्या हातात दिले.

विकणाऱ्याला कायद्याने जिल्हादंडाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला विक्रीची लेखी खबर द्यावी लागते, आणि त्यानंतर किमान ४५ दिवस थांबावं लागतं. ती मुदत खरेदी करणाऱ्याच्याही उपयोगाची आहे, हे मला आता कळतं. त्या पत्राची प्रत मागावी, त्यातला शस्त्राचा नंबर आपण पाहिलेल्या शस्त्राशी ताडून घ्यावा, शंका असेल तर पुन्हा बघायला मागावं. माझ्याकडे जूनमध्ये प्रत आली. नंबर होता. पण ताडायचा कशाशी? मी पाहिलेल्या रिव्हॉल्व्हरचा नंबर माझ्याकडे नव्हताच.

जुलैमध्ये विक्रेत्याच्या दुकानात ताबा मिळाला. काउंटरवर त्याने रिव्हॉल्व्हर ठेवलं आणि मी पहिल्यांदा काय केलं असेल तर मूठ उलटून बघितली. डावी बाजू, तळाला, तांदळाएवढा टवका. माझा जीव भांड्यात पडला. नळीचा रंग फेब्रुवारीपेक्षा जास्त काळाभोर दिसत होता. "साफ करून तेल दिलंय," मध्यस्थ म्हणाला. परवान्यावर नोंद झाली, २५ काडतुसं घेतली, त्यांचीही नोंद झाली.

बाहेर गाडीजवळ त्याने माझ्या हातात कागदी पुडी ठेवली. दहा काडतुसं. "ही आपल्याकडनं भेट, शेठ. सरावाला लागतील." मी नको म्हणालो. त्याने पुडी माझ्या पिशवीत टाकली आणि हसत गाडीत बसला. मी ती तिथल्या तिथे परत दुकानात नेऊन द्यायला हवी होती. नोंद नसलेलं एक काडतूससुद्धा शस्त्र अधिनियमाखाली गुन्हा आहे. मी घरी गेलो आणि पुडी कपाटात ठेवली.

त्यानंतर तीन आठवडे मी ते रिव्हॉल्व्हर कमरेच्या कव्हरमध्ये, शर्टाखाली लावून उसातून जात होतो. सुट्टीत घरी आलेली मुलगी दोनदा मागे बसली होती. हे आठवलं की आजही पोटात गोळा येतो. का, ते पुढे सांगतो.

ऑगस्टमध्ये मी प्रशिक्षण घेतलेल्या रेंजवर गेलो. लहान रिव्हॉल्व्हर चालवणं दिसतं तेवढं सोपं नसतं. नळी आखूड, नेम धरायची माशी आणि खाच जवळजवळ, त्यामुळे हात जरासा हलला तरी गोळी वीतभर बाजूला जाते. घोडा, म्हणजे काडतुसावर आपटणारा मागचा भाग, आधी न चढवता नुसता चाप ओढायचा तर बोटाला बराच जोर लागतो. म्हणून मला भरपूर सराव करायचा होता. काडतुसं खडकीच्या दारूगोळा कारखान्याची, बुडावर 'केएफ' कोरलेली, शिशाच्या गोळीची. दहा मीटरवरून दोन गोळ्या ठीक गेल्या. तिसरीला आवाज वेगळा आला आणि शेजारच्या जागेवर उभा असलेला मुलगा ओरडला. त्याच्या मनगटावर शिशाचा कण घुसला होता. रक्ताची बारीक रेघ. डोळा दोन हात वर होता.

प्रशिक्षकांनी माझ्या हातातून रिव्हॉल्व्हर घेतलं, उघडलं, काडतुसं काढली, सहाही भोकं रिकामी असल्याचं मला दाखवलं. मग घोडा अगदी सावकाश मागे ओढला. चांगल्या रिव्हॉल्व्हरमध्ये घोडा पूर्ण चढायच्या आत चक्री खटकन जागेवर अडकते. माझ्यात सहापैकी दोन भोकांवर घोडा चढला तरी चक्री नळीच्या रेषेत आलेलीच नव्हती. अशा वेळी शिशाची गोळी नळीच्या कडेवर तासली जाते आणि कण चक्री व नळीच्या मधल्या फटीतून बाजूला उडतात. फट त्यांनी उजेडासमोर धरून दाखवली. दोऱ्याएवढी आणि सगळीकडे सारखी असावी लागते. माझी एका बाजूला दुप्पट रुंद होती. बोटांनी पुढे-मागे केली तर चक्री खुळखुळत होती. नळीत बॅटरी मारली तर काळ्या रंगाखाली गंजाने खाल्लेले खड्डे.

शेवटी त्यांनी घोडा चढवला, चापाला हात न लावता अंगठ्याने घोड्याच्या पाठीवर हलकासा दाब दिला. खट्. तो आपोआप सुटला. ते माझ्याकडे बघून एवढंच म्हणाले, "हे तुम्ही भरून कमरेला लावत होता?"

या सगळ्या तपासण्यांना पाच मिनिटं लागली. त्यासाठी गोळी उडवावी लागली नाही, कसलं यंत्र लागलं नाही. माझ्यासारखं जुनं रिव्हॉल्व्हर घेणाऱ्याने एवढी पाच मिनिटं मागून घ्यावीत, विक्रेत्याच्या काउंटरवर, ताबा घेण्याआधी, आणि जमलं तर शस्त्रातलं कळणारा माणूस सोबत न्यावा. विकणारा नको म्हणाला तर पैसे न देता परत फिरावं.

मी त्याच संध्याकाळी मध्यस्थाला फोन केला. मी तावातावाने बोलत होतो, तो शांतपणे ऐकत होता. माझं बोलून झाल्यावर त्याने विचारलं, "शेठ, ती दहा काडतुसं कुठं ठेवली हो तुम्ही?"

मी फोन ठेवला. पुढचे दोन महिने तोंडातून शब्द काढला नाही. परवाना जाईल, गुन्हा दाखल होईल, सराफी धंद्यात नाव खराब होईल, हेच डोक्यात. रिव्हॉल्व्हर लोखंडी कपाटात आणि मी पुन्हा हात हलवत त्या रस्त्याने. बायको विचारायची, "अहो, एवढं घेतलंय तर बरोबर का नेत नाही?" तिलाही मी सांगितलं नव्हतं. ती पुडी त्याने भेट म्हणून दिलीच नव्हती. माझं तोंड बंद ठेवायला त्याने ती आधीच माझ्या घरात ठेवून दिली होती, आणि मी स्वतःच ती जपत होतो.

१५ ऑक्टोबरला विधानसभेची आचारसंहिता लागली आणि शस्त्र जमा करण्याचा निरोप आला. शस्त्राबरोबर काडतुसांचाही हिशेब द्यायचा. त्या रात्री मी बायकोला सगळं सांगितलं. ती थोडा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, "उद्या आधी वकिलांकडे चला." वकिलांनी घडलं तसं लेखी निवेदन तयार केलं. पुडी कधी, कुठे, कुणी दिली, मी ती का ठेवली, सगळं. ते निवेदन, दहा काडतुसं, रिव्हॉल्व्हर आणि ४० हजारांची पावती घेऊन आम्ही दोघं ठाण्यात गेलो. पाय लटपटत होते. साहेबांनी दोनदा वाचलं, आणि मला वाटलं होतं तसं काहीच केलं नाही. निवेदन दाखल करून घेतलं, काडतुसं सील केली. माझ्याकडून चूक झाली याची चौकशी झाली, पुढेही होईल, ती मला मान्य आहे. पण मध्यस्थाच्या हातातली दोरी त्या दिवशी तुटली. रोख दिलेले ४५ हजार मात्र कागदावर कुठेच नाहीत. तक्रारीत ते माझ्या शब्दावर आहेत.

डिसेंबरमध्ये ठाण्यातून बोलावणं आलं. शेजारच्या तालुक्यातले एक ठेकेदार बसले होते. त्यांनीही त्याच माणसाकडून .३२ घेतलं होतं, त्यांचंही रेंजवर तसंच निघालं होतं, आणि पुडी त्यांनाही मिळाली होती. मी त्यांना विचारलं, "मूठ बघून ओळखलंत ना?" ते चपापले.

हवालदारांनी दोन्ही रिव्हॉल्व्हरं टेबलावर शेजारी शेजारी ठेवली. दोन्हींच्या मुठीला डावीकडे, तळाशी, तांदळाच्या दाण्याएवढा टवका. भिंगाखाली धरलं तर दोन्हींवर कानसीचे एकाच तिरक्या दिशेचे ओरखडे दिसत होते. पंचनाम्यात त्यांनी दोन्ही टवक्यांची मापं लिहून घेतली आणि खाली आम्हा दोघांच्या सह्या घेतल्या.