‘लेझरने तीळ काढून मिळेल’ या पाटीमागे काय असतं

माझ्या धाकट्या बहिणीच्या हनुवटीवर टपोरा तीळ होता. लग्न ठरलं तशी ती पुण्यातल्या एका ‘स्किन अँड लेझर क्लिनिक’मध्ये गेली. ‘एका सिटिंगमध्ये साफ, डाग राहणार नाही,’ असं तिथे छातीठोक सांगितलं. पांढऱ्या कोटातल्या ज्या बाईंना सगळे डॉक्टर म्हणत होते, त्या डॉक्टर नव्हत्याच. यंत्रही लेझरचं नव्हतं. ठिणगीने कातडी जाळणारं प्लाझ्मा पेन होतं. पैसे आगाऊ घेतले आणि बिल हातात दिलं ते फेशियलचं!

जखमेत पू झाला. आता तिथे कडक, वर आलेला व्रण आहे. जाब विचारला तर म्हणे, ‘तुमची स्किनच सेन्सिटिव्ह.’

पण खरं नुकसान त्वचारोगतज्ज्ञांकडे गेल्यावर कळलं. त्यांनी पहिल्यांदा विचारलं, ‘काढलेला तुकडा तपासायला पाठवला होता का?’ तुकडा उरलाच कुठे होता? बहुतेक तीळ निरुपद्रवी असतात. मात्र मेलानोमा हा त्वचेचा कर्करोग सुरुवातीला साध्या तिळासारखा दिसू शकतो. तिळाच्या दोन बाजू सारख्या नसतील, कडा वेड्यावाकड्या असतील, रंग एकाहून जास्त असतील, आकार ६ मिलिमीटरपेक्षा मोठा असेल किंवा तो बदलत असेल, तर आधी डॉक्टरांना दाखवा. तळपाय आणि नखांखालीही बघा, तिथे सहसा कुणाचं लक्ष जात नाही.

डॉक्टर भुलीचं इंजेक्शन देऊन तीळ ब्लेडने तासून किंवा कापून काढतात, लागल्यास टाके घालतात आणि शंका असेल तर तुकडा हिस्टोपॅथॉलॉजीला, म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली तपासायला, पाठवतात. संशयास्पद तिळावर खरं लेझरही नको, कारण तपासायला काही उरत नाही. चुना-सोड्याचे लेप आणि ऑनलाइन क्रीमही कातडी जाळतात. तीळ किंवा स्किन टॅग (त्वचेवर लोंबणारी मऊ गाठ) घरी काढण्याच्या एकाही क्रीमला एफडीएची, म्हणजे अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेची, मंजुरी नाही. २०२२ मध्ये त्यांनी विक्रेत्यांना इशारापत्रंही पाठवली. ससूनसारख्या सरकारी रुग्णालयात त्वचारोग विभाग असतो, तिथे दाखवता येतं.

उपचार करणाऱ्याचा मेडिकल कौन्सिलचा नोंदणी क्रमांक मागा. बिलावर नेमकी प्रक्रिया लिहून घ्या. आमच्या बिलावर फेशियल असल्यामुळे तक्रारीत तीळ जाळल्याचं सिद्ध करणं अवघड झालंय. ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.

व्रणात पुन्हा काळा रंग दिसला, तर तेवढा भाग कापून तपासावा लागेल, असं डॉक्टरांनी सांगितलंय. तोवर दर काही महिन्यांनी तिला दाखवायला जावं लागणार आहे.