शोक्झ ओपनरन: गाणी लावून धावणाऱ्यांसाठी सविस्तर रिव्ह्यू

ओपनरन हा बोन कंडक्शन हेडफोन. कानात काही घालायचं नाही. कानाच्या पुढे, गालाच्या हाडावर दोन पॅड टेकतात आणि कंपनं हाडातून आतल्या कानापर्यंत पोचतात. वजन २६ ग्रॅम, मानेमागून जाणारी टायटॅनियमची पट्टी, धूळ-पाण्यापासून बचावाचा आयपी६७ दर्जा, बॅटरी आठ तास. घाईत दहा मिनिटं चार्ज केला तर दीड तास निघतो. कंपनी आफ्टरशोक्झ नावाने ओळखली जायची तेव्हा थोड्याफार फरकाने हेच मॉडेल एरोपेक्स म्हणून मिळत असे. आवाज किती गोड आहे यावर इतरांनी भरपूर लिहिलंय. धावणाऱ्याला त्याहून कामाचा प्रश्न असा की गाणी लावली की धावण्याची ढब बदलते, ती बदलताना हा हेडफोन साथ देतो की आड येतो.

ढब बदलते ती मुख्यतः केडन्समुळे, म्हणजे मिनिटाला पडणाऱ्या पावलांमुळे. ठेका कानावर पडला की पाय नकळत त्याच्याकडे सरकतात. बेल्जियममधल्या गेंट विद्यापीठाच्या २०१५ च्या अभ्यासात धावणाऱ्यांना काही न सांगता गाण्याची लय थोडी वरखाली केली, तर त्यांची पावलंही मागोमाग सरकली. मात्र ही ओढ काही टक्क्यांपुरतीच असते. तुमची पावलं १६५ असतील तर १६८ बीपीएमचं, म्हणजे मिनिटाला १६८ ठोक्यांचं, गाणं ओढून नेईल. १४० चं गाणं मात्र ना पूर्ण जुळतं ना निम्म्यावर जुळतं. त्यात पाय भरकटतात आणि लय तुटते. हिंदी-मराठी नाचाची बरीच गाणी नेमकी १२० ते १४० मध्ये असतात. म्हणून 'जोशात वाटतं, पण लय लागत नाही' ही तक्रार येते. ८० ते ९० बीपीएमची गाणी चालतात, कारण एका ठोक्याला दोन पावलं बसतात.

ठेका पकडून धावण्याचं सगळ्यांत गाजलेलं उदाहरण १९९८ चं. बर्मिंगहॅमला इथिओपियाचा धावपटू हेले गेब्रसेलासीने २००० मीटरचा इनडोअर जागतिक विक्रम केला, तेव्हा त्याच्याच सांगण्यावरून त्याच्या पावलांशी जुळणारं गाणं स्टेडियममध्ये वाजत होतं.

केडन्स वाढल्याने नेमकं काय होतं? ट्रेडमिल ताशी १० किमीवर ठेवा. १६० पावलांना एक पाऊल साधारण १०४ सेंटिमीटरचं पडतं, १६८ ला ९९ चं. पाच सेंटिमीटरचा फरक दिसायला किरकोळ आहे, पण टाच शरीराच्या फार पुढे पडायची थांबते, नडगी जवळजवळ उभी राहते आणि दर पावलाला लागणारा ब्रेक हलका होतो. विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या २०११ च्या अभ्यासात वेग तोच ठेवून पावलं पाच टक्के वाढवली तरी गुडघ्यावरचा भार कमी झाल्याचं दिसलं. दहा टक्क्यांना खुब्यावरचाही उतरला. गुडघा कुरकुरणाऱ्यांसाठी हा उपाय फुकटातला आहे, मात्र वेग तोच ठेवला तरच. रस्त्यावर गडबड इथेच होते. गाणं जलद झालं की माणूस पाऊल लहान करत नाही, सरळ पळायला लागतो. हार्ट रेट चढतो आणि आरामात धावायच्या दिवसाची शर्यत होते.

ओपनरन इथे कामाला येतो, कारण कान उघडे राहतात. कानात घट्ट बसणारे इअरबड्स लावून धावलं की दर पावलाला डोक्यात 'धप धप' असा पोकळ आवाज घुमतो. कानाची नळी बंद झाल्याने हाडातून आलेला खालच्या पट्टीतला आवाज आत अडकतो आणि मोठा वाटतो. तो धपका पाय कसा पडतोय याची खरी खबर देत नाही, वर गाण्याचा ठेकाही बुडवतो. ओपनरनमध्ये गाण्याखालून बुटाचा खरा आवाज ऐकू येतो: टाच आपटतेय का, पाय घासतोय का, एका बाजूचा आवाज जड आहे का. धावण्याची पद्धत सुधारणाऱ्याला हा आवाज गाण्याहून मोलाचा आहे. बाहेरचा आवाज माइकने आत घेणाऱ्या ट्रान्सपरन्सी मोडमुळे इअरबड्समध्ये हे थोडंफार साधतं, पण वारा सुटला की माइकमधून फडफड ऐकू येते.

आता त्रुटी. खर्ज नाही. हाडातून बास नीट पोचत नाही, आणि आवाज वाढवला तर ऐकू यायच्या ऐवजी गालाला गुदगुल्या होतात. ढोल-ताशाचं रेकॉर्डिंग लावून पाहा: ढोल जवळजवळ नाहीसा होतो, ताशाची तर्री मात्र स्पष्ट येते. म्हणून या हेडफोनसाठी गाणी निवडताना ठेका वरच्या पट्टीत हवा: टाळ्या, झांज, ताशा, तबल्याचा दायाँ. नुसत्या बास ड्रमवर उभं असलेलं इलेक्ट्रॉनिक संगीत यात फिकं पडतं. आवाज कमी-जास्त करायची दोन्ही बटणं गाणं चालू असताना एकत्र दाबून धरली की ईक्यू, म्हणजे आवाजाचा बाज, बदलतो. बोलणं ठळक करणारा मोड पॉडकास्टला बरा, ठेक्यासाठी मूळचाच ठेवा.

रहदारीत हा हेडफोन हरतो. मुंबईच्या पेडर रोडवर बसगाड्या शेजारून जात असतील तर गाणं अधूनमधून गायब होणारच. तेव्हा आवाज चढवू नका. कानात काही घातलेलं नाही म्हणून कान सुरक्षित, हा समज चुकीचा आहे. कंपनं शेवटी त्याच आतल्या कानात जातात.

ब्लूटूथचा उशीर होतो का, असं बरेच जण विचारतात. होतो, पण ठेका एकसारखा असेल तर बिघडत नाही. १७० पावलांना दोन पावलांमधलं अंतर साधारण ३५३ मिलिसेकंद असतं; उशीर कायम तेवढाच राहिला की पाय ऐकू येणाऱ्या ठोक्यालाच जुळतात. खरा त्रास मधेच आवाज तुटण्याचा. फोन कमरेच्या पट्ट्यात पाठीमागे असेल तर शरीर सिग्नल अडवतं. पट्टा फिरवून फोन पुढे घ्या, नाहीतर दंडावर बांधा. ओपनरनमध्ये गाणी साठवायची सोय नाही, त्यामुळे फोन किंवा गाणी वाजवणारं घड्याळ सोबत लागतंच.

वापरायची पद्धत अशी. आधी गाण्यांशिवाय, बोलत धावता येईल अशा वेगाने वीस मिनिटं धावा आणि मधल्या दहा मिनिटांचा सरासरी केडन्स घड्याळात पाहा. घड्याळ नसेल तर तीस सेकंदांत उजवा पाय किती वेळा पडतो ते मोजून चारने गुणा. १६२ आला तर पाच टक्के वाढवून लक्ष्य १७०, त्यापुढे नाही. '१८० हवंच' हा आकडा धावण्याचे प्रशिक्षक जॅक डॅनियल्स यांनी १९८४ च्या ऑलिम्पिकमधल्या धावपटूंची पावलं मोजली त्यावरून पसरला. ते शर्यतीच्या वेगातले अव्वल धावपटू होते. उंच माणसाने सकाळच्या हळू धावेत १८० चा हट्ट धरला तर पोटऱ्याच भरून येतील. मग १६८ ते १७० ची, नाहीतर ८४ ते ८५ ची गाणी जमवा. बीपीएम ठाऊक नसेल तर पंधरा सेकंद टाळ्या वाजवून चारने गुणा. शफल बंद. एक गाणं संपता संपता दुसरं सुरू करणारा क्रॉसफेडही बंद, नाहीतर दोन गाण्यांचे ठेके एकमेकांवर चढतात आणि पाय अडखळतो. सुरुवातीला एक मिनिट ठेक्यावर, दोन मिनिटं गाण्याशिवाय, असं आलटून पालटून करा. गाणं थांबल्यावरही केडन्स टिकला तरच तो अंगवळणी पडतोय. पहिले दोन आठवडे एकूण धावण्यातला तिसरा हिस्सा पुरे.

गाणं निवडताना आणखी एक खाचखळगा आहे. भजन, गोंधळ, लावणी यांत लय पुढे वाढत जाते. शेवटच्या मिनिटाला टाळ-मृदंग दुप्पट झाले की पायांनी काय करायचं? असली गाणी शेवटच्या किलोमीटरला ठेवा, नाहीतर वगळा. दुसरं, केहेरवा तालाच्या आठ मात्रांवर पाऊल टाकलं तर सम, म्हणजे पहिली मात्रा, दर वेळी एकाच पायावर येते. दादरा तालाच्या सहा मात्रांत पहिली आणि चौथी मात्रा वेगवेगळ्या पायांवर पडते, म्हणून जोर वाटला जातो. समेच्या पायावर जास्त रेटा द्यायची सवय लागतेय का ते पाहायचं असेल तर गार्मिनच्या रनिंग डायनॅमिक्स (धावण्याच्या ढबीची मापं) देणाऱ्या छातीच्या पट्ट्यामुळे डाव्या-उजव्या पायाचं जमिनीवर टेकण्याचं प्रमाण दिसतं. नुसत्या मनगटावरच्या घड्याळावर ते येत नाही. ५० टक्क्यांच्या आसपास असेल तर विसरून जा.

उतारावर गाणी थांबवा. साताऱ्याच्या हिल हाफ मॅरेथॉनला आधी यवतेश्वर घाट चढायचा आणि मग तोच उतरायचा. त्या उतारावर पाऊल जमीन ठरवते, ठेका नाही. जोरदार इंटर्व्हलमध्येही (थोडं जोरात, थोडं हळू असं आलटून पालटून धावण्यात) संगीताचा उपयोग कमी होतो. मध्यम वेगाला गाण्याने दमणूक कमी वाटते. धाप लागली की लक्ष आपोआप श्वासाकडे जातं.

बसणीबद्दल. मागची पट्टी बऱ्याच जणांना मोठी वाटते. डोकं लहान असेल तर मिनी साइझ घ्या, नाहीतर पट्टी दर पावलाला मानेवर किंवा कॉलरवर आपटते आणि पॅड सरकतात. चष्मा असेल तर आधी हेडफोन, वरून चष्म्याच्या काड्या. रेनकोटची टोपी आणि ही पट्टी यांचं जमत नाही. आयपी६७ असला तरी पोहायला नाही. मुंबई-कोकणातल्या घामात मात्र तो बिनधास्त चालतो. धावून आल्यावर साध्या पाण्याने पुसा आणि चार्जिंगची जागा कोरडी झाल्याशिवाय केबल लावू नका. ओलावा असेल तर हेडफोन तसा इशारा देतो, तो दुर्लक्षू नये.

विकत कोणी घ्यावा? गाण्याची खरी मजा हवी त्यांनी ओपनरन प्रो २ पाहावा. ३० ग्रॅम, बारा तास, आणि बास बराच बरा. फक्त केडन्स सुधारायचा असेल तर साधा ओपनरन पुरतो. तोही घेण्याआधी घड्याळातला मेट्रोनोम (एकसारखा ठेका देणारी सोय) कंपनावर लावून पाहा, कदाचित काहीच विकत घ्यावं लागणार नाही. अमेरिकेत ओपनरन १२९.९५ डॉलरला आला होता. आपल्याकडे ऑफरनुसार किंमत बरीच हलते, आणि नकली मालही फिरतो, म्हणून अधिकृत विक्रेता तपासा. जुन्या ओपनरनला कंपनीची स्वतःची चुंबकी केबल लागते. ती हरवली की बाजारातली कुठलीही चालत नाही. यूएसबी-सी असलेली आवृत्तीही निघाली आहे, तेव्हा खोक्यावर ते वाचूनच पैसे द्या.