योग स्टुडिओचा काही महिन्यांचा अनुभव: बाकी सगळं उत्तम, पण शवासन पूर्ण होऊ द्या

वार्षिक फी भरायची मुदत तोंडावर आली आहे आणि मी अजून पैसे भरलेले नाहीत. स्टुडिओ वाईट आहे असं अजिबात नाही. घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर इतक्या मोकळ्या मनाने कुणालाही आत घेणारी योगाची जागा मी दुसरी पाहिलेली नाही. माझे पैसे अडलेत ते शवासनापाशी, म्हणजे शेवटी उताणं, शांत पडून राहण्याच्या आसनापाशी.

बॅचच्या वेळा, बुकिंग, चटया तिथेच मिळतात की नाही, हे सगळं एव्हाना सर्वांना माहीत आहे. त्यावर काही लिहीत नाही.

'सगळ्यांसाठी योग' ही पाटी कुणीही लावतं. ती खरी आहे की नाही, हे गुडघे दुखणारं माणूस दारातून आत आलं की कळतं. माझ्या आईला जमिनीवर बसता येत नाही. बसली तर आधाराशिवाय उठता येत नाही. याआधी जिथे गेलो तिथे तिला "जमेल तेवढं करा" असं सांगून मागच्या रांगेत बसवून ठेवलं. या वाक्याचा मला मनापासून राग आहे. जमेल तेवढं म्हणजे किती आणि कसं, हे सांगणं शिकवणाऱ्याचंच काम ना? इथे शिकवणाऱ्या ताईंनी पहिल्याच दिवशी रक्तदाब, काचबिंदू, हाडांचा ठिसूळपणा, झालेल्या शस्त्रक्रिया, चक्कर, सगळं विचारून लिहून घेतलं. लिहून बरेच जण घेतात. ताई ते लक्षात ठेवतात. काचबिंदू असलेल्या एका काकांना त्या शीर्षासन, सर्वांगासन तर देत नाहीतच, अधोमुख श्वानासनही भिंतीला हात टेकवून करायला लावतात, कारण डोकं खाली गेलं की डोळ्यातला दाब वाढतो. हाडं ठिसूळ झालेल्या बाईंना पश्चिमोत्तानासनात पाठ गोल करून वाकू देत नाहीत, कारण तसं वाकलं की मणक्यांच्या पुढच्या भागावर भार येतो. त्यांना पावलाला पट्टा लावून पाठ सरळ ठेवायची. रक्तदाब असलेल्यांना कुंभक, म्हणजे श्वास रोखून धरणं, नाही. आईला ताडासनापासून वळणाच्या आसनांपर्यंत सगळं खुर्चीवर किंवा खुर्चीला धरून. आणि ती पहिल्या रांगेत असते.

सामान भरपूर आहे: लोखंडी घडीच्या खुर्च्या, लाकडी ठोकळे, पट्टे, लोड आणि ब्लँकेटांचं भरलेलं कपाट. या सगळ्याची परंपरा योगगुरू बी. के. एस. अय्यंगार गुरुजींची (१९१८–२०१४). लहानपणी मलेरिया, टायफॉइड, क्षय असे आजार काढलेल्या माणसाने साध्या वस्तूंचे आधार घेऊन दुखऱ्या, ताठ शरीरांना आसनापर्यंत नेलं, हे तिथे रोज डोळ्यांनी दिसतं. पूर्वी मला वाटायचं की ठोकळा म्हणजे ज्याला जमत नाही त्याची सोय. त्रिकोणासनात हाताखाली ठोकळा आला, कंबर मोकळी झाली आणि छाती खरोखर उघडली. तेव्हापासून मी तो स्वतःहून उचलते.

आमच्या बॅचमध्ये एका गृहस्थांना दिसत नाही. त्यामुळे ताई "असं करा" हे शब्द वापरतच नाहीत. "उजवा तळवा चटईच्या उजव्या कडेवर, बोटं पुढे, आता डावी टाच मागे नेऊन जमिनीत दाबा," असं सांगतात. याचा फायदा आम्हा सगळ्यांनाच होतो. मान खाली घालून उभं असताना शिकवणारा कुणालाच दिसत नसतो.

आता शवासन.

बॅच साठ मिनिटांची. आसनं पन्नासाव्या मिनिटाला संपतात. कागदावर हिशोब बरोबर आहे, दहा मिनिटं शवासन. पण ही बॅच सगळ्यांसाठी आहे, म्हणजे प्रत्येकाचं शवासन वेगळं लावावं लागतं. कंबर दुखणाऱ्यांच्या पोटऱ्या खुर्चीवर ठेवायच्या. पाठीला बाक आलेल्यांच्या डोक्याखाली ब्लँकेट, नाहीतर हनुवटी वर जाऊन मानेवर ताण येतो. दम लागतो त्यांच्या पाठीखाली लोड तिरका. पोट मोठं झालेल्या गर्भार मुलीने उताणं झोपायचं नाही, तिला डाव्या कुशीवर वळवून गुडघ्यांमध्ये ब्लँकेट. आईला आधी खुर्चीच्या आधाराने खाली उतरवायचं. हे सगळं ताई एकट्या आणि नीट करतात. त्यात सहा-सात मिनिटं सहज जातात. श्वास जरा कुठे संथ व्हायला लागतो आणि दार उघडतं. पुढची बॅच. चपला, पिशव्या, चेन उघडण्याचे आवाज, "अगं तू काल का नाही आलीस?"

पाऊण तास घाम गाळायचा आणि ज्याच्यासाठी गाळला ते दोन-तीन मिनिटांत आटपायचं? मी फी साठ मिनिटांची भरते. हठप्रदीपिका या हठयोगाच्या जुन्या ग्रंथात मोजून पंधरा आसनं सांगितली आहेत आणि त्यात शवासन आहे. थकवा घालवणारं आणि चित्ताला विश्रांती देणारं, असं त्याचं वर्णन आहे. ते बॅचचं शेपूट नाही.

बरेच दिवस मी गप्प होते. मग एकदा पुढच्या बॅचच्या कुणीतरी आईच्या डोक्याशीच चटई अंथरली. आपण जागा अडवतोय असं वाटून आई घाईने उठली. कुशीवर वळून थांबली नाही, खुर्ची धरली नाही. ती रक्तदाबाच्या गोळ्या घेते. झटकन उठल्यावर दाब उतरतो, तसंच झालं, तिचा तोल गेला. ताई जवळच होत्या म्हणून सावरलं. मी तशीच बाहेर काउंटरवर गेले आणि चांगली भांडले. "मॅडम, शवासन म्हणजे शेवटी थोडं पडायचंच असतं ना," असं उत्तर मिळालं. दोन बॅचमध्ये दहा मिनिटं सोडा म्हटलं, तर "दिवसाची एक बॅच कमी होईल, मग फी वाढवावी लागेल." माझ्यासारख्या पै-पैचा हिशोब करणाऱ्या बाईला गप्प करायचा तो हुकमी उपाय होता, पण मी गप्प झाले नाही. आहे त्याच साठ मिनिटांत बसवा, आसनं दोन कमी करा, असं लेखी दिलं.

त्यानंतर एक गोष्ट घडली. मध्ये काही दिवस आईची बॅच बदलली आणि तिला सोडायला मी वेळेआधी जायला लागले, म्हणजे दाराबाहेर उभ्या असलेल्यांत मीही आले. तिथे वॉकर घेऊन येणाऱ्या एक आजी असतात. त्यांना चपला काढायला, खुर्चीपर्यंत पोचायला, बसून श्वास जागेवर यायला वेळ लागतो. त्या लवकर आत गेल्या नाहीत तर पहिली आसनं हुकतात. म्हणून लवकर आत शिरणाऱ्यांवरचा माझा राग आता गेला आहे. बॅचला येताना ज्यांना जास्त वेळ लागतो, त्यांनाच ती संपवतानाही लागतो. वेळापत्रक मात्र उडी मारून उठणाऱ्या आणि पळत येणाऱ्या लोकांच्या मापाने लावलेलं आहे. दार रुंद केलं, पायरीला उतार केला, आता घड्याळातही तेवढी जागा करायला हवी.

आणि ताईंनी ती केली. काउंटरकडून काही हललं नाही, पण त्यांनी आपल्या बॅचपुरता क्रम बदलला. उभ्याची आसनं दोन कमी. चाळीस मिनिटं झाली की बाकीचे पाठीवर झोपून सावकाश पोटाला पीळ देत असतात, तेवढ्यात आई, गर्भार मुलगी, कंबरवाले काका यांचं शवासन लावून होतं. मग आम्ही फक्त पाय सोडायचे. पूर्ण दहा मिनिटं शांत मिळतात, वर उजव्या कुशीवर वळून सावकाश उठायलाही वेळ उरतो. दारावर आतून पडदा लावलाय. पुढची बॅच बाहेरच्या बाकांवर थांबते आणि वॉकरवाल्या आजींसाठी दाराजवळची खुर्ची राखून ठेवलेली असते, म्हणजे त्यांना कुणाच्या डोक्यावरून जावं लागत नाही. पहिल्यांदा असं शवासन मिळालं तेव्हा माझ्या पाठीचा कायम आवळलेला भाग जमिनीला टेकला. एरवी तिथून हात आरपार जातो. फी वाढली नाही, बॅच कमी झाली नाही.

पण हे ताईंच्या बॅचचं झालं. त्या नसतात त्या दिवशी जे सर येतात ते शिकवतात चांगलं, समजावतात छान, पण सत्तावन्नाव्या मिनिटापर्यंत सेतुबंधासन चालू असतं. त्या दिवशी मी आईला शेवटची पाच मिनिटं खुर्चीवरच डोळे मिटून बसायला सांगते आणि स्वतःही भिंतीला टेकून बसते. सरांना विचारलं तर ते म्हणाले, "मला कुणी काही सांगितलेलंच नाही." खरंच सांगितलं नसणार.

गुडघे, कंबर, वय, वजन, भीती, यांपैकी कशामुळेही अडून बसला असाल तर इथे जरूर या, पण ताईंची बॅच मागून घ्या. पहिल्या दिवशीच्या फॉर्मवर काहीही लपवू नका, गोळ्यांची नावंसुद्धा लिहा. डोक्याखालच्या ब्लँकेटवर घालायला स्वतःचा धुतलेला पंचा न्या, कारण ब्लँकेटं धुतात पण रोज नाही. तीन महिन्यांचं कार्ड महिन्याच्या कार्डापेक्षा परवडतं. वार्षिक आणखी स्वस्त पडतं, हे मला माहीत आहे आणि ती सवलत सोडताना जिवावर येतं. तरी या वेळी मी आम्हा दोघींचं तीन महिन्यांचंच भरणार आहे. शवासनाची वेळ सगळ्या बॅचच्या वेळापत्रकात छापून आली की उरलेल्या वर्षाचे पैसे त्याच दिवशी भरेन, असं काउंटरवर लिहून दिलं आहे.