आठ महिने डिकीत बास बाळगल्यावर

दसऱ्याला गाडीच्या डिकीत सबवूफर, म्हणजे फक्त खालचा बास वाजवणारा स्पीकर, आणि त्याला ताकद देणारा अँप्लिफायर बसवला, आता जून संपत आला. मधल्या काळात एकदा बॅटरी उतरली, दोनदा सगळं वायरिंग उपसून परत घातलं, आणि एकदा आईनं मागच्या सीटवरून "बंद कर रे ते, पोटात गुडगुडतंय" म्हणून खडसावलं. एवढं झाल्यावर चार शब्द लिहायला हरकत नाही.

गाडी २०१८ची स्विफ्ट, पेट्रोल. स्टिरिओ कंपनीचाच आहे आणि तो काढायचा नाही हे आधीच ठरलेलं, कारण स्टिअरिंगवरची बटणं आणि मागचा कॅमेरा त्यालाच जोडलेले आहेत. त्यावर घेतला एक मोनो क्लास-डी अँप्लिफायर, ४ ओहमला ३०० वॅट आरएमएस, म्हणजे सलग देता येणारे खरे वॅट, आणि १० इंची सबवूफर, बंद खोक्यातला. अँप साडेनऊ हजार, सब खोक्यासकट सात. मॉडेलचं नाव मुद्दाम देत नाही. नाव दिलं की सगळी चर्चा नावावरच अडकते, आणि मला जे सांगायचंय ते कुठल्याही अँपला लागू आहे.

दुकानात "३००० वॅट" छापलेले डबे याच्या निम्म्या किमतीत मिळत होते. सोपा हिशोब सांगतो. गाडी चालू असताना बॅटरीवर १३.८ व्होल्टच्या आसपास असतात. ३०० वॅट बाहेर द्यायचे आणि अँप ८० टक्के कार्यक्षम धरला, तर आत २७ अँपियर लागतात. खरोखरचे ३००० द्यायचे तर २७० लागतील. स्विफ्टचा अल्टरनेटर जीव देईल. डब्यावर ३० अँपियरचा फ्यूज खोचलेला असला की खरी लायकी तिथेच कळते, वरचा आकडा वाचायची गरज नाही.

पहिल्यांदा बसवून घेतला तो अॅक्सेसरीजच्या दुकानात. कुठलं ते राहू दे. दोन तासांत काम फत्ते, मुलगा हसतमुख, गाणं लावलं तर आरसे थरथरले. मी खूश होऊन घरी. शुक्रवारी रात्री गाडी लावली, सोमवारी सकाळी स्टार्टर मारला तर नुसती टिक टिक. शेजाऱ्याच्या गाडीवरून जंपर घेऊन ऑफिस गाठलं. संध्याकाळी मल्टिमीटर काढला, बॅटरीच्या निगेटिव्हशी सिरीजमध्ये लावला. गाडी बंद, किल्ली खिशात, आणि मीटर ०.६ अँपियर दाखवतोय. रिमोटची निळी वायर, म्हणजे अँपला चालू हो म्हणणारी, त्या पोरानं कायम चालू असणाऱ्या फ्यूजवर टाकली होती, त्यामुळे अँप दिवसरात्र जागा. ०.६ गुणिले ६० तास म्हणजे ३६, आणि माझी बॅटरी ३५ अँपियर-अवरची. इतकं चोख गणित शाळेत कधी जमलं नव्हतं.

मग सगळंच उघडून बघितलं. बघितलं नसतं तर सुखी राहिलो असतो.

पॉवरच्या वायरचा फ्यूज डिकीत, अँपच्या बाजूला होता. ही चूक इतकी सर्रास दिसते की तिच्यावर थोडं थांबतो. तो फ्यूज अँपसाठी नसतो, अँपला त्याचा स्वतःचा असतो. तो असतो वायरसाठी. बॅटरीपासून डिकीपर्यंत पाच मीटर वायर पत्र्याच्या कडांवरून, सीटच्या रुळांखालून जाते. मधे कुठे इन्सुलेशन घासलं आणि तांबं बॉडीला टेकलं, तर बॅटरी शेकडो अँपियर त्यात ओतते, आणि डिकीतल्या फ्यूजला त्याचा पत्ताही लागत नाही. वायर लाल होते, तिच्यावर गालिचा असतो. म्हणून फ्यूज बॅटरीपासून वीत-दोन वीत अंतरात, फार तर ४५ सेंटिमीटर. माझा आता बॉनेटखाली आहे, ४० अँपियरचा.

वायरही बदलली. किटमधली "४ गेज" म्हणून दिलेली वायर बोटाएवढी जाड दिसायची, पण कापून बघितली तर निम्मं अंग रबराचं. आतल्या तारा नखानं खरवडल्या तर खालून पांढरं अॅल्युमिनियम. तांब्याचा नुसता मुलामा. अशा वायरला तांब्याच्या मानानं साठ-पासष्ट टक्केच वाहकता असते, आणि टोकाच्या धातूच्या लगमध्ये दाबलेली पकडही कालांतरानं सैल पडते. मी पुण्यात विजेच्या सामानाच्या तापकीर गल्लीत गेलो आणि गेजची भाषाच सोडली. "१६ स्क्वेअर एमएम, मल्टिस्ट्रँड, फ्लेक्झिबल, तांब्याची." दुकानदारानं "इन्व्हर्टरला का?" एवढंच विचारलं. पाच मीटरमध्ये २७ अँपियरला जेमतेम ०.१५ व्होल्ट पडतात. कारची म्हणून वेगळी वायर लागत नाही. आता गाडीची पॉवर वायर डाव्या दाराच्या पट्टीखालून गेली आहे आणि सिग्नलची उजव्या बाजूनं. दोन्ही एकत्र बांधल्या की खरखर आत शिरायची शक्यता वाढते.

पण गाडी चालू असताना एक बारीक "चींऽऽ" यायची, ती मात्र त्यानं गेली नाही. अॅक्सिलरेटर दाबला की आवाज चढतो, सोडला की उतरतो. डासच जणू कानाशी. फिल्टर घ्या, स्टिरिओ बदला, असे सल्ले खूप मिळाले. कारण निघालं अर्थिंगचं. निगेटिव्हची वायर डिकीतल्या एका पातळ पट्टीला, रंगावरच, स्क्रूनं आवळली होती. मागची सीट उचलली, खाली बॉडीच्या जाड पत्र्यावर रुपयाएवढी जागा सँडपेपरनं चकाकेपर्यंत घासली, लग नीट दाबून बोल्टनं घट्ट केला, वरून ग्रीस फासलं म्हणजे पावसाळ्यात गंज धरणार नाही. वायरची लांबी फूटभर. सीटबेल्टच्या बोल्टला हात लावला नाही, तुम्हीही लावू नका, तो बोल्ट अपघातात जीव सांभाळायला आहे. गाडी चालू केली आणि डास गायब. घासायला लागली दहा मिनिटं, शोधायला गेले तीन रविवार.

कंपनीच्या स्टिरिओला सहसा आरसीए, म्हणजे अँपला सिग्नल द्यायचे वेगळे सॉकेट, नसतात, त्यामुळे अँप घेताना हाय-लेव्हल इनपुट आहे का तेवढं बघा. स्पीकरच्या वायरीच थेट अँपला जातात. काही अँप त्या वायरीवरचे साधारण सहा व्होल्ट डीसी ओळखून आपोआप चालूही होतात. माझाही होतो, पण चालू-बंद होताना "धप्प" आवाज यायचा, म्हणून मी रिमोटची वायर किल्ली फिरवल्यावरच जिवंत होणाऱ्या फ्यूजवर घेतली, अॅड-अ-फ्यूज टोपी लावून. स्टिरिओमागच्या मूळ वायरी कापल्या नाहीत, मधे कपलर घातला. दुकानातल्या पोरानं सोलून पीळ मारला होता, तो सर्व्हिसिंगच्या वेळी दिसला असता तर वॉरंटीचं प्रवचन ऐकावं लागलं असतं.

आता खरा मुद्दा, गेन. त्या बटणाला सगळे व्हॉल्यूम समजतात. दुकानातून गाडी आली तेव्हा गेन टोकाला, बास बूस्टही टोकाला. आरसे थरथरत होते ते म्हणूनच. गेनचं काम एवढंच, की स्टिरिओचा सिग्नल जिथे पूर्ण भरतो तिथेच अँपही पूर्ण भरावा. त्यापुढे पिळलं की लाटेचे माथे छाटले जातात, आवाज वाढल्यासारखा वाटतो, आणि सबची कॉइल आत तापत राहते. मी असं केलं: सबची वायर काढली, बूस्ट शून्य, स्टिरिओचा बास-ट्रेबल मधे, व्हॉल्यूम ४० पैकी ३०, कारण माझा स्टिरिओ त्याच्या वर फाटतो. ५० हर्ट्झचा टोन पेनड्राइव्हवरून लावला. मीटर एसी व्होल्टवर, अँपच्या आउटपुटला. किती यायला हवेत? वॅट गुणिले ओहम, त्याचं वर्गमूळ. ३०० गुणिले ४ म्हणजे १२००, वर्गमूळ ३४.६. गेन शून्यापासून हळूहळू वर नेत तिथे थांबलो. बटण कुठे थांबलं म्हणाल तर पाव फेरीच्याही अलीकडे. साधा मीटरही ५० हर्ट्झला बरोबर दाखवतो, घरची वीज तेवढ्याचीच असते.

तिथे बायकोच्या नेलपॉलिशचा ठिपका ठेवला आहे. रोजच्यासाठी त्याहून थोडा खालीच ठेवतो.

मग आली कटऑफची, म्हणजे सबनं किती हर्ट्झच्या खालचंच वाजवायचं ते ठरवायची खटपट, आणि ही मात्र मीटरनं सुटत नाही, कानानंच करावी लागते. मी तबला ऐकत वाढलो, म्हणून माझी कसोटी डग्गा. मनगट घासून घुमारा खालून वर चढवतात ना, तो मींडकामाचा "घेंऽ" लावायचा आणि डोळे मिटायचे. लो-पास, म्हणजे हीच मर्यादा, १२० हर्ट्झला होता तेव्हा तबला पुढे आणि डग्गा डिकीत, एकाच वादकाचे दोन हात दोन खोल्यांत. ८० ला आणला तसा डग्गा पुढे सरकला. फेजचा, म्हणजे सबची लाट उलटी करणारा खटका ० वरून १८० वर केला आणि आवाज भरला, माझ्या गाडीत तोच बरोबर पडला. तुमच्यात उलट असू शकेल, दोन्हीकडे करून बघायचं. पुढचे दारातले स्पीकर मात्र अजून खालचा बास ओढायचा प्रयत्न करून भरभरत होते. त्यांच्या सिरीजमध्ये ४७० मायक्रोफॅरडचे नॉन-पोलर कपॅसिटर टाकले. ४ ओहमला ते साधारण ८५ हर्ट्झच्या खालचं हळूहळू उतरवतात. दोन्ही दारांचे मिळून शंभराच्या आत आले, आणि अख्ख्या खटाटोपात एवढ्या पैशात एवढा फरक दुसऱ्या कशानंच पडला नाही.

बंद खोकं घेतल्याचा पश्चात्ताप नाही. पोर्टवालं, म्हणजे हवेसाठी भोक ठेवलेलं, जास्त दणकतं, ढोल-ताशासाठी आणि डीजेसाठी तेच घ्यावं. पण मला ठोका पडून लगेच थांबायला हवा होता. अभंगातला पखवाज बंद खोक्यात सुटा ऐकू येतो. माझ्या भाच्यानं हौसेनं दुहेरी कॉइलचे दोन सब घेतले, ४ अधिक ४ ओहमचे, आणि चारही कॉइल समांतर जोडल्या. झाले १ ओहम. त्याचा अँप २ ओहमच्या खाली न चालणारा, त्यामुळे लाल दिवा लागून गप्प. एकेका सबच्या दोन कॉइल सिरीजमध्ये आणि मग दोन्ही सब समांतर केले, ४ ओहम झाले, गाडी गाऊ लागली.

तक्रारी आहेतच. मे महिन्यात दुपारी उन्हात उभी केलेली गाडी काढली की अँप वीसेक मिनिटांत तापून बंद पडायचा. खोक्याच्या पाठीला चिकटवला होता, हवा खेळत नव्हती. मागच्या सीटच्या पाठीवर उभा लावल्यापासून पुन्हा झालं नाही. नंबरप्लेट खडखडायची. एचएसआरपी, म्हणजे सरकारी सुरक्षा नंबरप्लेट, तिचे लॉक उघडता येत नाहीत, म्हणून फोमची पट्टी पट्टीनंच ढकलत मागे सरकवली. डिकीच्या झाकणाच्या आतून थरथर दाबणाऱ्या ब्युटाइलच्या शीट लावल्या तेव्हा कुठे पत्रा गप्प बसला. ब्लूटूथवरून बास किंचित बोदा वाटतो, पेनड्राइव्हवरून नाही. विमा नूतनीकरणाच्या वेळी इलेक्ट्रिकल अॅक्सेसरी म्हणून नोंद केली, प्रीमियम थोडा वाढला.

सगळ्यात मोठी अडचण जागेची. स्विफ्टची डिकी २६८ लिटरची, त्यात खोकं बसलं की दोन बॅगांची एक बॅग होते. बायकोनं पहिल्या महिन्यातच विचारलं होतं, "गणपतीला गावी जाताना हे कुठे जाणार?" त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. आता सबच्या वायरला प्लग लावून घेतला आहे, दोन मिनिटांत खोकं बाहेर येतं. ऑगस्टपासून ते दिवाणखान्यात टीव्हीशेजारी राहील, वर फुलदाणी ठेवायची परवानगी मी दिली आहे.