डिकीचे गॅस शॉकअप घरीच बदलले: उन्हाळा, पावसाळा आणि थंडी काढल्यानंतरचा अनुभव

आधी निकाल सांगते, मग बाकीचं. आमच्या हॅचबॅक गाडीच्या डिकीचे दोन्ही गॅस शॉकअप, म्हणजे उघडी डिकी वर धरून ठेवणाऱ्या वायूच्या नळ्या, आम्ही घरी, दारातल्या अंगणात बदलले. त्याला आता वर्ष होत आलं. सोलापूरचा अख्खा मे महिना आणि सध्याची जानेवारीची पहाट, दोन्ही त्यांनी नीट निभावलं. काम घरी होण्यासारखं आहे, अवघड मुळीच नाही. पण शॉकअप निवडताना त्यावरचा एक आकडा बघावाच लागतो, आणि तोच कुणी सांगत नाही. म्हणून इतकं सविस्तर लिहितेय.

माझा कडक भाकरी आणि शेंगा चटणीचा घरगुती व्यवसाय आहे. चटणीची पाकिटं कशीही टाकली तरी चालतात, भाकरीचं तसं नसतं. खोके वजनाला हलके, पण आकाराने मोठे. दोन्ही हात गुंतलेले असतात आणि खोका कुठे आदळला की आतल्या भाकरीचे तुकडे होतात. तुकडे झालेला माल दुकानदार घेत नाही, आणि त्याचं बरोबरच आहे. त्यामुळे डिकी वर उभी राहणं ही माझ्यासाठी सोय नाही, धंद्याची गरज आहे.

गेल्या वर्षी सिद्धेश्वरांच्या गड्ड्याच्या, म्हणजे सोलापुरातल्या जानेवारीच्या जत्रेच्या दिवसांत, मागणी जोरात असताना, डिकीने त्रास द्यायला सुरुवात केली. पहाटे माल भरायला उघडली की पूर्ण वर जायची, दोन खोके ठेवून होईपर्यंत हळूहळू खाली उतरायची आणि पाठीवर येऊन टेकायची. दुपारी नवी पेठेत माल उतरवताना मात्र तीच डिकी ताठ उभी. गॅरेजमध्ये दाखवली तीही दुपारीच, त्यामुळे उत्तर मिळालं, "ताई, काही झालेलं नाही, चालू द्या."

पहाटे पडते आणि दुपारी टिकते, याचं कारण साधं आहे आणि ते समजलं की पुढचं सगळं सोपं जातं. शॉकअप म्हणजे बंद नळी आणि तिच्यात आतबाहेर सरकणारा दांडा. नळीत नायट्रोजन वायू दाबून भरलेला असतो. तेलही असतं, पण थोडंसं, नळीच्या तोंडाशी वायू अडवणारं सील ओलं ठेवण्यापुरतं आणि दांडा शेवटाला आदळू नये म्हणून. डिकी उचलून धरण्याचं काम वायूचं. वायू तापला की दाब वाढतो, गार झाला की उतरतो. दर 10 अंशांमागे जोर साधारण साडेतीन टक्क्यांनी कमीजास्त होतो. शॉकअपवर जोराचा आकडा न्यूटन या एककात छापलेला असतो, तो 20 अंश तापमानाचा असतो. म्हणजे 300 न्यूटनचा शॉकअप पहाटेच्या 15 अंशांना 295 न्यूटनच्या आसपास जोर देतो आणि उन्हाळ्यातल्या 43 अंशांना 323 च्या आसपास. नव्या शॉकअपला थंडीतली एवढी घट कळतही नाही. पण वर्षानुवर्षं सीलमधून थोडा थोडा वायू निघून गेलेला असतो, डिकीचं वजन आणि शॉकअपचा जोर काठावर आलेले असतात, तेव्हा हाच फरक निर्णायक ठरतो. म्हणून जुने शॉकअप आधी थंडीत पडतात. तुमची डिकी डिसेंबर-जानेवारीत खाली येत असेल आणि मार्चमध्ये आपोआप 'बरी' झाली, तर ती बरी झालेली नाही. पुढच्या थंडीत जास्त जोरात पडेल.

माझ्या जुन्या शॉकअपवर आणखी एक खूण होती. चकचकीत दांड्यावर, नळीच्या तोंडापाशी, तेलाचं पातळ कडं आणि त्याला चिकटलेली काळपट धूळ. दांडा कोरडा आणि स्वच्छ दिसायला हवा. तेल बाहेर आलं म्हणजे सील गेलं, त्यावर दुरुस्ती नाही, बदलणं एवढंच.

आता तो आकडा. शॉकअपच्या नळीवर स्टिकर असतो, त्यावर पार्ट नंबर आणि न्यूटनमध्ये जोर लिहिलेला असतो. माझ्या शॉकअपवर 300 होतं. 10 न्यूटन म्हणजे साधारण एक किलोचा जोर, तेव्हा एका बाजूला 30 किलो आणि दोन्ही मिळून 60. डिकी काही 60 किलोची नसते. पण शॉकअप बिजागरीच्या अगदी जवळ लागलेला असतो, आणि बिजागरीजवळ ढकलून दार उघडायला जास्त जोर लागतो तसंच इथेही असतं. दुकानात मला 300 ऐवजी त्याहून बऱ्याच जास्त न्यूटनचा जोड दाखवला. "भारी माल आहे, डिकी कधीच पडणार नाही," असं आग्रहाने सांगितलं. मी घेतला नाही. कंपनीने त्या डिकीच्या वजनाला आणि बिजागऱ्यांना धरून जोर ठरवलेला असतो. त्यापेक्षा खूप जास्त घेतला तर डिकी उघडताना उसळते, बंद करताना अंगातलं बळ लावावं लागतं आणि तो ताण रोज बिजागऱ्यांवर, पत्र्यावर पडत राहतो. आणि आपल्याकडे मे महिन्यात तो आणखी वाढतो, हे विसरू नका. थंडीच्या पहाटेला घाबरून जास्त न्यूटन घ्यायचे आणि उन्हाळाभर डिकीशी झटायचं, यात काही अर्थ नाही. डिकीवर मागाहून जड स्पॉयलर बसवला असेल तर गोष्ट वेगळी, तेव्हा थोडा जास्त जोर लागू शकतो.

जोराइतकीच लांबीही जुळली पाहिजे. शॉकअपची दोन्ही टोकं गाडीवरच्या ज्या गोल बॉलवर बसतात त्यांच्या मध्यापासून मध्यापर्यंतचं अंतर, शॉकअप पूर्ण उघडा असताना मोजायचं. शिवाय दांडा आत किती जातो तेही बघायचं, कारण दांडा आत जायचा थांबला आणि डिकी अजून कुलपाला लागलीच नाही, तर आपण जोर लावू तो सगळा बिजागरी वाकवण्यात जातो. गाडीचं मॉडेल आणि वर्ष सांगून पार्ट नंबर जुळवला की हे प्रश्न येत नाहीत. स्टिकर पुसला गेला असेल तर जुना काढून सोबत न्यावा. आणि घ्यायची ती जोडीच. एकच नवा लावला तर एक बाजू ढकलते, दुसरी मागे राहते आणि डिकीला पीळ बसतो. मला जोडी हजाराच्या आत पडली.

बसवण्याचं काम मी आणि आप्पांनी केलं. आप्पा म्हणजे माझे सासरे. उभं आयुष्य यंत्रमागावर जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारा कारागीर म्हणून गेलं, त्यामुळे घरात पान्यांची पेटी आहे आणि हत्याराला हात लावायच्या आधी दोनदा बघायची शिस्तही. मी स्क्रू ड्रायव्हर घेऊन लगेच शॉकअप अडवून धरणाऱ्या क्लिपकडे वळले तर म्हणाले, "पोरी, क्लिपला नंतर हात लाव. आधी डिकीला टेकू दे."

हीच या कामातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट आहे. शॉकअप काढला की डिकी धरून ठेवणारं काहीच उरत नाही, आणि तुमचं डोकं नेमकं तिच्याखाली असतं. आम्ही बांबूच्या वरच्या टोकाला जुन्या चादरीची जाड घडी बांधली आणि तो डिकीच्या कडेला, कुलपाजवळच्या मजबूत पत्र्याला टेकवला. काचेला किंवा प्लास्टिकच्या पॅनेलला टेकू द्यायचा नाही. टेकू देऊनही आप्पा डिकी धरून उभे राहिले. एकट्याने हे काम करू नये असं माझं स्पष्ट मत आहे. आणि एका वेळी एकच बाजू काढायची.

शॉकअपच्या दोन्ही टोकांना वाटीसारखा सॉकेट असतो, तो गाडीवरच्या गोल बॉलवर चढलेला असतो आणि मागून तारेची किंवा पट्टीची छोटी क्लिप त्याला अडवून धरते. चपट्या, बारीक स्क्रू ड्रायव्हरचं टोक क्लिपखाली घालून ती जराशी उचलायची, पूर्ण बाहेर काढायची नाही, आणि सॉकेट बॉलवरून सरळ बाहेर ओढायचा. चेहरा बाजूला ठेवा, कारण क्लिप निसटली तर उडते. आमच्या गाडीचं वरचं टोक लगेच निघालं. खालच्या सॉकेटमध्ये वर्षानुवर्षांची धूळ घट्ट बसली होती. आप्पांनी तो हाताने थोडा थोडा फिरवत सैल केला, ठोकाठोक केली नाही. बॉल कापडाने पुसून घेतले, गंज किंवा झीज नाही याची खात्री केली, त्यावर ग्रीसचं बोट फिरवलं. मग नवा शॉकअप बॉलवर ठेवून तळव्याने दाबला की "टक्क" असा स्वच्छ आवाज येतो. आवाज आला नाही तर सॉकेट पूर्ण बसलेला नाही. बसल्यावर एकदा ओढून बघायचंच.

दिशेचंही भान ठेवा. डिकी बंद असताना बारीक दांडा खाली आणि जाड नळी वर, असं असलं की आतलं तेल सीलपाशी राहतं आणि सील कोरडं पडत नाही. तरी जुना शॉकअप काढायच्या आधी, कंपनीने तो कसा बसवला होता त्याचा फोटो मोबाईलवर घेऊन ठेवावा आणि तसाच बसवावा. बाजारातून आणलेला नवा शॉकअप पूर्ण ताणलेला असतो, हाताने दाबून आखूड होत नाही. त्यामुळे डिकी पूर्ण वर नसेल तर तो बसणारच नाही. पहिल्यांदा बंद करताना डिकी आपटायची नाही, हाताने धरून हळूहळू खाली आणायची आणि कुठे अडतंय का ते बघायचं.

आता इतक्या महिन्यांनंतर काय वाटतं? उन्हाळ्यात, गाडी तासन्‌तास उन्हात उभी असताना, डिकी चांगलीच चपळ होते. कुलूप सुटल्यावर पहिली वीतभर हाताने उचलावी लागते, कारण बंद असताना शॉकअपचा जोर जवळजवळ बिजागरीच्याच दिशेने जात असतो. त्यानंतर मात्र ती स्वतःच वर जाते, म्हणून मे महिन्यात हनुवटी जरा मागे ठेवूनच उघडायची. बंद करताना जुन्यापेक्षा जास्त ओढावं लागतं. मला जमतं, पण सासूबाईंची उंची कमी, त्यांचा हात वर पुरत नव्हता. मी आतल्या पकडीला सुती पट्टा शिवून दिला, आता त्या पट्टा ओढून डिकी खाली आणतात.

पावसाळ्यात एका क्लिपवर गंजाचा तांबूस ठिपका दिसला. पुसून ग्रीस लावलं, पुढे वाढला नाही. धुळीचा मात्र कायमचा पहारा आहे. तुळजापूरला माल देऊन आलं की दांड्यावर धुळीचा थर असतो. मी तो मऊ, कोरड्या कापडाने पुसते. दांड्यावर तेल किंवा ग्रीस लावू नका, धूळ चिकटते आणि दांडा आतबाहेर करताना सीलला घासते. डिकीत लोखंडी सामान ठेवत असाल तर दांड्यावर ओरखडा पडणार नाही हे बघा. एक ओरखडा सील खराब करायला पुरतो.

पुन्हा गड्डा आला आणि माझी खरी परीक्षा झाली. पहाटे अंधारात, हात गारठलेले असताना डिकी उघडली, खोके एकावर एक रचले, मुद्दाम वेळ लावला. डिकी जागची हलली नाही.

ज्यांची गाडी सेडान आहे त्यांना मात्र हे जसंच्या तसं लागू नाही. बऱ्याच सेडानच्या डिकीला गॅस शॉकअप नसतात, पिळलेल्या स्प्रिंगच्या सळ्या असतात. त्या सळ्या प्रचंड ताणाखाली असतात आणि सुटल्या तर हात मोडू शकतो. तिथे शॉकअप बसवायचे तर वेगळा किट, ब्रॅकेट, कधी पत्र्याला भोकंही पाडावी लागतात. ते काम जाणत्या मेकॅनिककडेच द्या.

आणि जुने शॉकअप. आमच्या शॉकअपचा दांडा 8 मिलिमीटर जाड, म्हणजे तोंडाचं क्षेत्र अर्धा चौरस सेंटिमीटर. तेवढ्यावर 300 न्यूटनचा जोर म्हणजे आतला दाब सुमारे 60 बार. टायरमध्ये आपण सव्वादोन बारच्या आसपास हवा भरतो. गळका शॉकअपही पूर्ण रिकामा झालेला नसतो. त्याला कापू नका, भोक पाडू नका, कचऱ्याबरोबर जाळू नका, मुलांच्या हातात देऊ नका. आप्पांनी आमच्या जोडीवर खडूने "गॅस आहे" असं लिहिलं आणि भंगारवाल्याला समोर बसवून, गॅस कटर लावायचा नाही हे सांगूनच ती दिली.