वॉटर फ्लॉसर आणि बोअरचं पाणी: आठ महिन्यांच्या वापरानंतर

वॉटर फ्लॉसर म्हणजे पाण्याच्या धारेनं दातांच्या फटी साफ करणारं मशीन. माझं मधल्या प्रतीचं. बिनवायरीचं, ३०० मिलीची टाकी, तीन दाब, चार टिपा, म्हणजे धार सोडणाऱ्या बारीक नळ्या. १९६२ साली अमेरिकेतल्या कोलोरॅडोत एक दंतवैद्य आणि एक अभियंता यांनी हे यंत्र पहिल्यांदा बनवलं, आणि काम करण्याची पद्धत आजही तीच आहे. आत टिल्लू पंपाचं पिल्लू समजा. धार सलग नसते, मिनिटाला हजाराच्या वर ठोके पडतात. त्या ठोक्यांनीच दातांच्या फटीतलं आणि हिरडीच्या कडेखालचं बाहेर येतं. भाजलेल्या चण्याची टरफलं, गावरान आंब्याचे धागे, हुरड्याचा कोंडा हे सगळं पहिल्याच फेरीत निघतं. काडीनं टोकरून हिरडी फाडण्यापेक्षा हे केव्हाही बरं.

टिप खटका वाजेपर्यंत दाबून बसवायची. मोरीवर वाकायचं, टिप तोंडात घ्यायची, ओठ अर्धवट मिटायचे आणि मगच बटण दाबायचं. क्रम चुकला की आरसा, सदरा, भिंत सगळं ओलं. वरच्या शेवटच्या दाढेपासून सुरुवात करून धार हिरडीच्या कडेवर काटकोनात धरायची आणि प्रत्येक फटीपाशी दोन सेकंद थांबायचं. आधी बाहेरून, मग आतून. खालच्या पुढच्या दातांची आतली बाजू हमखास सुटते, आणि किटण सगळ्यात जास्त तिथंच धरतं. मध्यम दाबावर टाकी मिनिटभरात रिकामी होते, म्हणून दोनदा भरावी लागते. पाणी कोमट हवं. गार पाण्यानं दाढा ठणकतात. पहिला आठवडा सगळ्यात कमी दाबच ठेवा. थोडं रक्त येतं, हिरडी सुजलेली असली की येणारच. दोन आठवड्यांनंतरही येत असेल तर दंतवैद्याला दाखवा. फ्लॉसर आधी, ब्रश नंतर. म्हणजे पेस्टमधलं फ्लोराइड दातावर टिकतं.

आता खरी अडचण. आपल्याकडे मशीन बिघडत नाही, पाणी त्याला बिघडवतं. बोअरच्या जड पाण्यातला जो क्षार ठिबकचे ड्रिपर बुजवतो, तोच टिपेच्या बारीक भोकात बसतो. फवारणीच्या नोझलसारखीच गत: धार आधी तिरपी होते, मग फाटते, मग दाब पडतो. लोक म्हणतात मोटर गेली. मोटर शाबूत असते.

उपाय ठिबकवाल्यांना ठाऊक आहे, फक्त इथं अ‍ॅसिड सौम्य हवं. अर्धा लिटर कोमट पाण्यात दोन मोठे चमचे पांढरं व्हिनेगर घालून अर्धं मशीनमधून चालवा, वीस मिनिटं तसंच राहू द्या, उरलेलं चालवा, मग दोन टाक्या साधं पाणी. बोअरच्या पाण्यावर हे महिन्यातून दोनदा लागतं, आरओच्या कॅनच्या पाण्यावर दोन महिन्यांतून एकदा पुरतं. रोजची गरज दोन टाक्या, म्हणजे जेमतेम ६०० मिली, त्यामुळे कॅनचं पाणी वापरणं महागात पडत नाही. पाणी उकळून, निवळू देऊन वरचं वापरलं तरी बराच क्षार भांड्याच्या तळाशी राहतो. पण अकोला-अमरावतीकडच्या खारपाणपट्ट्यात हा तोडगा चालत नाही, कारण तिथलं मीठ उकळल्यानं खाली बसत नाही. आणि कोणतंही असो, पाणी पिण्याजोगंच हवं. ते हिरडीत शिरतं.

दाब पडला की आधी टाकीतली शोषनळी सुटली का बघा, मग टिप, मग गाळणी. वापर झाला की टाकी रिकामी करून उघडी ठेवा, नाहीतर पावसाळ्यात आत काळी बुरशी धरते. चार्जिंगच्या भोकावरचं रबरी झाकण पुसून कोरडं झाल्याशिवाय केबल लावू नका. एका चार्जिंगवर दहा-बारा दिवस निघतात, त्यामुळे लाइन गेली तरी अडत नाही.

काही गोष्टी याच्या आवाक्यात नाहीत. घट्ट बसलेलं किटण निघत नाही, त्याला स्केलिंगच लागतं, म्हणजे दंतवैद्याकडून ते खरवडून घेणं. यवतमाळ-चंद्रपूर भागात फ्लोराइडच्या पाण्यानं आलेले तपकिरी डाग जात नाहीत. खर्र्याची, म्हणजे तंबाखू-चुन्यात घोटलेली, सुपारी फटीतून निघते, पण खर्र्याचं नुकसान जिथल्या तिथंच राहतं. तोंडात तीन बोटं उभी शिरत नसतील किंवा पांढरा-लाल चट्टा दिसत असेल, तर मशीन बाजूला ठेवा आणि सरकारी दवाखान्याचा दंतविभाग गाठा, नाहीतर नागपूरचं शासकीय दंत महाविद्यालय. हृदयाची झडप बदललेल्यांनी डॉक्टरांना विचारूनच सुरू करावं. तारा किंवा ब्रिज बसवलेल्यांना मात्र हे सगळ्यात उपयोगी, कारण फ्लॉसचा साधा दोरा तिथं सहज जात नाही.

टिप तीन ते सहा महिन्यांत बदलावी लागते आणि ती तालुक्याच्या मेडिकलमध्ये सहसा मिळत नाही. घेण्याआधी त्या मॉडेलच्या सुट्या टिपा विकत मिळतात का, एवढं नक्की बघा. स्वस्त मशीन इथंच अडतं.